मे महिन्यातल्या चिखलाबद्दल वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वन व पर्यावरण मंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळुरू

सविनय नमस्कार.

मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. अभ्यासक नाही, कुठल्या संस्थेचा पदाधिकारी नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटे दुचाकी काढायची, गळ्यात दुर्बीण अडकवायची आणि एखाद्या तलावाच्या बांधावर जाऊन बसायचे, एवढाच नाद. घरी याला ‘बगळे मोजायला गेलाय’ म्हणतात. पत्र मराठीत लिहितोय, कारण मनातले सरळ मराठीतच उतरते. कन्नड प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे.

मृग लागून आठवडा झाला. पेपरात शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाच्या पातळीच्या बातम्या सुरू झाल्या आहेत. धरण भरल्याचे 2475 फूट कधी होतात याकडे आता सगळ्या शहराचे डोळे. गावोगावचे तलावही भरतील, आणि मला जे सांगायचे आहे ते पाण्याखाली जाईल. म्हणून आत्ताच लिहितो.

मे महिन्यात तलाव रिकामा असतो असे सगळे धरून चालतात. तो रिकामा नसतो.

गावाचे नाव देत नाही. तक्रार एका गावापुरती नाही, आणि तिथल्या लोकांच्या मागे चौकशीही लागायला नको. तलाव साधाच, पावसाच्या पाण्यावर भरणारा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यात एकरभर पाणी उरले होते, भोवती भेगाळलेली माती, आणि पाणी-माती जिथे भेटतात तिथे काळ्याभोर चिखलाची पट्टी. त्या पट्टीपासून वीसेक पावलांवर टिटवीची चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, टोके आत वळवून ठेवलेली. मी आधी पाहून ठेवली नसती तर पाय पडला असता. ऊन चढले तशी टिटवी उठली, चालत पाण्यापर्यंत गेली, पोट बुडेल इतकी खाली बसली, दोन-तीनदा अंग घुसळले आणि तशीच थेंब गाळत परत आली. ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. अंडी उबवण्यासाठी नाही, ती शिजू नयेत म्हणून. मी दोन तास हेच पाहत बसलो होतो.

पुढच्या सुट्टीला गेलो तेव्हा तिथे पोकलेन होते, दोन टिप्पर होते आणि टिटवी वरून ओरडत घिरट्या घालत होती. काम बघणारा मुकादम माणूस चांगला होता, त्याने मला चहा पाजला. अंड्यांचे सांगितले तर म्हणाला, “साहेब, पक्षी हिवाळ्यात येतात. आता कुठले पक्षी?”

मला राग आला, पण घरी येईपर्यंत तो उतरला. कारण हे त्याला आपणच शिकवले आहे. घटप्रभा नदीवरच्या धुपदाळच्या बंधाऱ्यामागचे घटप्रभा पक्षी अभयारण्य 1974 साली जाहीर झाले; तिथे जायचे तर नोव्हेंबर ते मार्च, असेच सगळीकडे सांगितले जाते. कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे बघायचे असतील तर ते बरोबरच आहे. आशियाई पाणपक्षी गणना होते ती जानेवारीत. सरकार अधिवेशनासाठी बेळगावच्या सुवर्णसौधात येते ते डिसेंबरात, आणि एखादे मंत्रिमहोदय पक्षी पाहायला निघालेच तर त्याच थंडीत निघणार. मेमधले पक्षी मोजायला कुणी जात नाही, म्हणून ते कुठल्या कागदावर नाहीत, आणि जे कागदावर नाही ते पोकलेनला दिसत नाही.

असते काय तिथे? पाहुणे परत गेलेले असतात, घरचे उरतात. हळदी-कुंकू बदक असते. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. वारकरी असतो, सगळे अंग काळे आणि कपाळाला गोपीचंदन. (ज्याने ही नावे ठेवली तो बांधावर बराच वेळ बसला असणार.) शेकाट्या आपल्या लांबलचक लाल काड्यांवर तोल सांभाळत फिरत असतो. चिखल्या चार पावले पळतो, थांबतो, टोचतो, पुन्हा पळतो. पाणी आटत जाते तसे मासे उरलेल्या डबक्यात गोळा होतात, म्हणून बगळे, शराटी आणि चित्रबलाक तिथे दाटी करतात. आणि पाणी रोज हातभर मागे सरकते तसा रोज हातभर नवा चिखल उघडा पडतो, त्यात अळ्या, किडे, गोगलगायी. टिटवी, शेकाट्या, चिखल्या यांचा अंडी-पिल्लांचा काळ नेमका हाच. ताट वाढलेले असते ते याच पट्टीवर. जूनच्या तोंडाशी चातक येतो तोवर हे चालते.

आता उताराबद्दल बोलतो, ते मला कळते. आमच्या कामात एक सूत इकडे-तिकडे झाले की जॉब परत येतो. चिखल्याला दोन बोटे पाणी लागते, शेकाट्याला वीतभर. तलावाचा काठ सावकाश उतरत गेला तर दोन बोटांची आणि वीतभर खोलीची जागा लांबवर मिळते. काठ भिंतीसारखा उभा कापला, त्यावर दगडी पिचिंग केले आणि वर पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक घातला की ती जागा शून्य होते. पाणी एक तर नाही, नाही तर गळ्याइतके. हल्ली ‘तलाव विकास’ म्हणून जे होते ते बहुतेक असे असते. त्या तलावावर काम संपल्यानंतर मी एक म्हैस पाहिली. काठावर उभी राहून पाण्याकडे बघत होती आणि खाली उतरता येत नव्हते. म्हशीला जो उतार लागतो तोच चिखल्याला लागतो, हे मला त्या दिवशी कळले. शेवटी तिच्या मालक म्हातारबाबांनी बादलीने पाणी काढून तिच्या अंगावर ओतले.

गैरसमज नको. मी गाळ काढण्याच्या विरोधात नाही. गाळ काढलाच पाहिजे, तलाव भरले पाहिजेत. गाळाची माती शेतात पडली की पीक कसे येते ते मामांच्या शिवारात पाहिले आहे. आणि गाळ उन्हाळ्यातच निघतो, हेही खरे. माझे म्हणणे फक्त कुठून काढायचा याबद्दल आहे. बांधाकडची बाजू खोल असते, ती हवी तितकी खोल करा. ओढा जिथून तलावात येतो ती उथळ बाजू आहे तशी ठेवा. तिला पिचिंग नको, ट्रॅक नको, आणि मे-जूनमध्ये तिथे यंत्र नको. अंदाजपत्रकात ही एक ओळ आली तर ठेकेदाराचे डिझेलही वाचते. पुढच्या उन्हाळ्याची कामे आपल्या अधिवेशनाच्या आसपासच कागदावर येऊ लागतील, म्हणून ही घाई. तलाव लघुपाटबंधाऱ्यांचे असतील, पंचायतीचे असतील, आपल्या खात्याचे नसतील. पण वन्यजीव कायदा आपल्याकडे आहे. 1972 च्या त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे येते. बंदूक लागत नाही. हे एकदा पत्रक काढून सगळ्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आणि अभियंत्यांना कळवले तरी मुकादमापर्यंत झिरपेल.

मग मी पाणथळ जागांचे 2017 चे नियमही वाचून काढले, दोनदा, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. पाणथळ म्हणजे काय, हे सांगताना त्यात नदीचे पात्र वगळले आहे, भातशेती वगळली आहे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत आणि सिंचनासाठी बांधलेलेही. आता आमच्याकडचे बघा. राकसकोप पिण्यासाठी. गावचे तलाव बहुतेक शेतीसाठी. बळ्ळारी नाल्याकाठी पावसाळ्यात मैलभर पाणी साचते, ती भाताची शिवारे. म्हणजे बेळगाव तालुक्यात पक्षी जिथे जिथे बसतो तिथून तो उठून गेल्यावरच नियम लागू होणार.

पण वाट आहे, आणि ती आपल्याच राज्याने दाखवली आहे. गदग जिल्ह्यातला मागडीचा तलाव सिंचनासाठीच बांधलेला, सुमारे 50 हेक्टरांचा. विजयनगर जिल्ह्यातला अंकसमुद्र हाही गावचा सिंचन तलाव. दोन्ही राखीव संवर्धन क्षेत्रे झाली आणि 2024 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. गावाशी चर्चा करून सरकारी जागेला असा दर्जा देण्याची तरतूद कायद्यात आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी या तालुक्यांतून एक, फक्त एक तलाव निवडा. रामसर वगैरे राहू द्या, उथळ बाजू राखली तरी पुष्कळ.

धुपदाळबद्दल थोडक्यात. नदी सुरयासारखे पक्षी उन्हाळ्यात पाण्यातल्या उघड्या बेटांवर, वाळूवर अंडी घालतात. पातळी वीतभर चढली तरी सगळे संपते. वरच्या हिडकल धरणातून पाणी सोडताना अभयारण्याच्या वनरक्षकाला दोन दिवस आधी एक फोन जावा. शेतीचे पाणी अडवा असे मी म्हणत नाही, आणि म्हटले तर मामा मला घरात घेणार नाहीत.

मामांचे आठवले म्हणून सांगतो. ते मेअखेर धूळवाफ पेरणी करतात. एका वर्षी पेरताना टिटवी अंगावर आली. त्यांनी बैल थांबवले, अंडी शोधली, भोवती चार ढेकळे ठेवली आणि तेवढा तुकडा सोडून पुढे गेले. अंडी उंचवट्यावर होती, म्हणून त्या वर्षी पाऊस जोरात होणार असेही जाहीर करून टाकले. पावसाचे त्यांचे नेहमी चुकते. पण तो चटईएवढा तुकडा महिनाभर पडीक राहिला आणि त्याबद्दल कुणाला अर्ज करावा लागला नाही.

एक छोटी गोष्ट, तिचा भलता अर्थ लावू नये. तलावांवर पक्ष्यांचे फलक लावाल तेव्हा कन्नडबरोबर, जिथे लोक मराठी वाचतात तिथे, मराठीतही नावे असू द्या. शेकाट्या म्हटले की आमच्या शेजारची आजी ओळखते. ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट म्हटले तर मीही चाचपडतो.

मे महिन्यातला दुसरा शनिवार जगभर स्थलांतरित पक्षी दिन म्हणून पाळला जातो. पुढच्या वर्षी त्या सकाळी जिल्ह्यातल्या तलावांवर गणना ठेवा. शाळांना सुट्टी असते, मुले मिळतील. आमच्या उद्यमबागेतले चार-पाच जण दुर्बिणी घेऊन येतील. निघेल तो आकडा लहान असेल, पण कागदावर येईल. जमल्यास आपणही या. सहाच्या आत पोचावे लागेल, आठनंतर ऊन उभे राहू देत नाही. आणि गाडी बांधावर चढवू नका, ड्रायव्हरला खालीच थांबायला सांगा. बांधावरच्या खडीत टिटवी बसलेली असते.

आपला,
उद्यमबागेतला एक लेथ कामगार, बेळगाव