भूत नव्हे, माणसं होती

सांगलीच्या कारागृहाच्या तटाजवळ रात्री पावलं वाजतात, कुणीतरी कण्हतं, अशा गोष्टी हल्ली मोबाईलवर फिरतात. परवा नातवानेही विचारलं, ‘‘आजोबा, तिथं खरंच भूत आहे?’’ मी त्याला २४ जुलै १९४३ ची हकीकत सांगितली. वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार हा तुरुंग फोडून निघाले. तटावरून खंदकात उड्या घेतल्या. मागून गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात हुतात्मा झाले, दादांच्या खांद्यात गोळी शिरली. नातू गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘उडी कुठून मारली, ते दाखवा.’’

जुन्या तुरुंगांभोवती भुताच्या गोष्टी सगळीकडेच असतात, त्याचा मला राग नाही. पण आपल्या गावात ज्यांनी रक्त सांडलं त्यांना कण्हणारी भुतं करून टाकणं मनाला फार लागतं. दोघांची नावं किती मुलांना ठाऊक असतील? शाळांनी दर २४ जुलैला मुलांना या तटापाशी न्यावं आणि ही हकीकत तिथंच उभं राहून सांगावी, ही कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, गावभाग, सांगली