वाइतांगी करार, माओरी शाळा आणि न्यूझीलंडमधील मराठी माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूझीलंडच्या संसदेत तरुण खासदार हाना-राव्हिती माइपी-क्लार्क यांनी एका विधेयकाची प्रत फाडून हाका, म्हणजे येथील मूळ रहिवासी माओरींचे आवेशपूर्ण पारंपरिक नृत्य, सुरू केला. ती चित्रफीत महाराष्ट्रातही असंख्य लोकांनी मोबाइलवर पाहिली, पण तो आवेश कशासाठी होता हे फारसे कुणी सांगितले नाही. न्यूझीलंडमध्ये अनेक वर्षे राहणारा मराठी माणूस म्हणून ते मांडावेसे वाटते.

६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. माओरींच्या जमिनी, वस्त्या आणि त्यांना मोलाचे वाटणारे सारे त्यांच्याच ताब्यात राहील, अशी हमी त्यात होती. संसदेत फाडले गेलेले ते वादग्रस्त विधेयक या हमीचा अर्थ कायद्याने नव्याने ठरवू पाहत होते. विरोधासाठी उत्तर टोकाकडून निघालेला मोर्चा वेलिंग्टनला पोहोचला तेव्हा त्यात चाळीस हजारांहून अधिक लोक होते, आणि १० एप्रिल २०२५ रोजी ११२ विरुद्ध ११ मतांनी विधेयक फेटाळले गेले.

करारातील या हमीचा सर्वांत मोठा भंग शाळेत झाला, असे माझे मत आहे. १८६७ च्या कायद्याने माओरी गावांतून सरकारी शाळा निघाल्या; त्यांसाठी जमीन बहुधा माओरींनीच दिली, आणि माध्यम मात्र इंग्रजी ठरले. पुढे तर शाळेच्या आवारात माओरी बोलणाऱ्या मुलांना मार बसू लागला. सर जेम्स हेनारे यांनी सांगितलेली आठवण, करारभंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाच्या १९८६ च्या अहवालात नोंदलेली आहे: माओरी बोलल्याबद्दल त्यांना रानात जाऊन पिरिता नावाच्या वेलीचा तुकडा तोडून आणायला सांगितले गेले आणि त्याच वेलीने त्यांना झोडपण्यात आले. अशा शाळांतून शिकलेल्या आईबापांनी आपल्या मुलांशी घरी कोणत्या भाषेत बोलावे, याचा निर्णय त्या छडीनेच केला. १९१३ मध्ये सुमारे ९० टक्के माओरी शाळकरी मुलांना आपली भाषा येत होती. १९५३ मध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले आणि १९७५ मध्ये पाच टक्क्यांच्याही खाली गेले. भाषा काळाच्या ओघात आपोआप मागे पडली, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे शांतपणे वाचावेत.

ती परत उभी राहिली तीही लोकांच्या बळावर. १९७२ मध्ये शाळांत माओरी शिकवली जावी म्हणून तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेला सादर झाला. तो देणाऱ्या हाना ते हेमारा या आजच्या खासदार हाना-राव्हिती यांच्या नात्यातल्याच. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता येथे पहिली 'कोहांगा रेओ' बालवाडी सुरू झाली. आजी-आजोबांच्या पिढीकडे भाषा शिल्लक होती, नातवंडांची जीभ अजून कोवळी होती आणि मधली पिढी मुकी झाली होती. म्हणून वृद्धांनी मुलांना जवळ बसवून खेळणे, जेवणे, झोपवणे, रागावणे हे सारे माओरीतच करायचे ठरवले, आणि तरुण आईबाप त्याच चटईवर मुलांबरोबर शिकू लागले. १९९४ पर्यंत अशा सुमारे ८०० बालवाड्यांत १४ हजार मुले होती. या मुलांसाठी पुढची सोय नाही हे दिसताच पालकांनी १९८५ मध्ये ऑकलंडच्या होआनी वाइतिती मराएवर (माओरींच्या सामुदायिक सभास्थानी) माओरी माध्यमाची शाळा स्वतःच काढली. शासनाची मान्यता नंतर आली. माओरी अधिकृत भाषा झाली ती १९८७ मध्ये, आणि २०२३ च्या जनगणनेत दोन लाखांहून अधिक लोकांनी ती बोलता येत असल्याचे सांगितले. मात्र ही चळवळ सुखरूप आहे असे कुणी समजू नये. शासनाने कोहांगा रेओला नीट साथ दिली नाही, असा ठपका न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये ठेवलेला आहे.

आता आपल्याविषयी. 'सर्वांना एकच नियम हवा, माओरींना वेगळे काही कशाला?' हे वाक्य मी मराठी घरांतही ऐकतो, आणि मला ते मनापासून खटकते. येथील शासनाला कारभाराचा अधिकार ज्या कराराने मिळाला, त्याच शासनाने आपल्याला व्हिसा दिला. म्हणजे आपले येथील वास्तव्यही त्या करारावरच उभे आहे. मुलांची मराठी टिकावी म्हणून आपण सुट्टीच्या दिवशी वर्ग भरवतो. ते वर्ग उद्या बंद पडले तरी साताऱ्यात, नांदेडमध्ये मराठी बोलली जाईलच. माओरीला दुसरा देश नाही.

न्यूझीलंडमधील शाळांच्या व्यवस्थापन मंडळांवर पालकांचे प्रतिनिधी पालकांच्याच मतांनी, दर तीन वर्षांनी निवडले जातात. आपल्यापैकी बहुतेक जण ही मतपत्रिका न भरताच टाकून देतात. येथील मराठी वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी ते मत द्यावे, जमल्यास स्वतः उभे राहावे, आणि उमेदवारांना विचारावे की शाळेत माओरी भाषा आठवड्यातून किती तास, कोणाकडून आणि कोणत्या इयत्तेपर्यंत शिकवली जाणार आहे.

आपला नम्र,
एक मराठी वाचक, ऑकलंड