ताप असला तरी प्रयोग?

मा. संपादक,
स. न.

हौशी नटांच्या त्यागाचं कौतुक करणारा लेख आपल्या अंकात वाचला. मी दिवसा बँकेत आणि रात्री तालमीला असणारी बाई, म्हणून थोडं लिहिते.

राज्य नाट्य स्पर्धा येते ऐन थंडीत. शाळेच्या वर्गातली बाकं सरकवून रात्री उशिरापर्यंत तालीम करायची, मग गंगापूर रोडवरून मफलर गुंडाळून स्कूटरवर घरी. दही बंद, लोणचं बंद. प्रयोगाच्या दिवशी चारलाच वरणभात, कारण भरल्या पोटी लांब वाक्यं एका श्वासात निघत नाहीत. हे मी हौसेनं करते, त्याला त्याग कसला? माझ्या मुलाला रोज जेवू घालून झोपवतात त्या सासूबाई. त्यांना कुणी शाल-नारळ दिलेला बघितला नाही!

१९११ साली मुलगी गेली त्याच दिवशी बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले, हे प्रत्येक सत्कारात ऐकवतात. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण तीच गोष्ट आम्हाला गप्प करायला वापरतात. मागे सायखेडकर नाट्यगृहात मी तापात काम केलं. विंगेत बादली ठेवलेली. आत गेलं की ओकायचं, बाहेर आलं की हसायचं. टाळ्या भरपूर पडल्या. खरं तर तो आमच्या संस्थेचा गलथानपणा होता, कारण त्या भूमिकेसाठी दुसरं कुणी तयारच केलं नव्हतं.

नाशिकच्या संस्थांनी मुख्य भूमिकांना पर्यायी नट पहिल्या वाचनापासून बसवावा. चहाचा एक कप वाढेल, इतकंच.

– एक रंगकर्मी, नाशिक