न्यूटनचं कोडं आणि तुझं ‘गुरुत्वाचे फळ’

प्रिय मित्रा,

प्रकृती ठीक, गुडघा आहे तसाच. उत्तराला उशीर झाला, शिव्या भेटीत दे. पण ‘कोड्यात अक्षरं चुकीची छापलीत’ असं तू संपादकांना कळवायच्या आत हे पत्र पोचायला हवं.

छपाई बरोबर आहे. कोडं असं: वर चार शब्दांची अक्षरं उलटसुलट दिलेली, ते शब्द लावायचे आणि त्यांतली गोलात पडणारी अक्षरं जुळवून चित्राखालच्या प्रश्नाचं उत्तर काढायचं. तू नेहमीसारखा चित्रापासून सुरू झालास. झाडाखाली न्यूटन, डोक्यावर सफरचंद, खाली प्रश्न ‘न्यूटनला बागेत काय मिळालं?’ आणि चार अधिक दोन चौकटी. लगेच ‘गुरुत्वाचे फळ’ भरून मोकळा! बसतंही चपखल, घोळ तिथेच. मग गु, रु, त्वा वरच्या शब्दांत सापडेनात, म्हणून छापणारा दोषी.

आता वरून खाली ये. पहिला शब्द र-चं-द-फ-स. पाच अक्षरांच्या 120 जुळण्या होतात, पण ‘चंद’ ही ओळखीची जोडी बांधून टाकली की 24 उरतात. जोडी शेवटी ठेव, सफरचंद. दुसरा त-न-अ-चे. सुटा ‘अ’ शब्दाच्या पोटात सहसा येत नाही (ई-ऊची गोष्ट वेगळी, ‘जाईल’, ‘घेऊन’ बघ), तेव्हा तो पहिला. उरल्या सहा जुळण्या, त्यात अचेतन.

तिसऱ्याशी तू जे केलंस ते कात्रणावर दिसतंय. तु-र-चिं-ता यातला ‘चिं’वरचा अनुस्वार उचलून ‘ता’च्या डोक्यावर ठेवलास! किती वर्षं भांडतोय आपण यावरून? काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आपापल्या अक्षराबरोबरच हलतात. जोडाक्षरही फोडायचं नाही. हा नियम सोडलास तर कुठल्याही अक्षरांतून काहीही निघेल. शेवटी ‘तुर’ ठेव, आतुर-चतुरसारखं. चिंतातुर. चौथा ळ-र-ना तर पोरखेळ. मराठी शब्द ‘ळ’नं सुरू होत नाही, म्हणून सहातल्या दोन जुळण्या आधीच बाद. नारळ. (एकाच कोड्यात सफरचंद आणि नारळ! रचणारा फळवाल्याचा जावई असावा.)

गोलातली अक्षरं: सफरचंदातलं दुसरं, अचेतनमधलं दुसरं-तिसरं, चिंतातुरचं पहिलं, नारळाचं पहिलं आणि तिसरं. म्हणजे फ, चे, त, चिं, ना, ळ. यांच्या 720 जुळण्या करत बसू नकोस. ‘चे’ हा षष्ठीचा प्रत्यय, तो चार चौकटींच्या शब्दाच्या शेवटी टाक. दोन चौकटींत ‘फळ’. उरलेली तीन अक्षरं सहाच प्रकारे लागतात: चिंतनाचे फळ.

तुझी सहापैकी तीन अक्षरं बरोबर होती, म्हणून तर तू इतका हटून बसलास. शिवाय कोडं रचणारा चित्रकारापेक्षा जास्त अचूक आहे. न्यूटनचा मित्र विल्यम स्टुकली यानं 1726 साली खुद्द न्यूटनकडून ऐकलेली हकिगत अशी की तो विचारात गढून बसलेला असताना सफरचंद पडलं. डोक्यावर पडल्याचं त्यात कुठेच नाही.

आणि ‘आधी उत्तर, मग अक्षरं’ या तुझ्या पद्धतीला थोर पूर्वज आहे, खगोलशास्त्रज्ञ केप्लर! 1610 साली गॅलिलिओनं एक शोध 37 उलटसुलट लॅटिन अक्षरांत लपवून पाठवला. अर्थ होता, (तेव्हा माहीत असलेला) सर्वांत दूरचा ग्रह, म्हणजे शनी, तिहेरी दिसला. केप्लरला मंगळाला दोन चंद्र हवे होते, म्हणून त्यानं ओढूनताणून तसं वाक्य जुळवलं. 1877 मध्ये मंगळाला खरंच दोन चंद्र सापडले, हे मात्र तुला सांगायला नको होतं. आता वर्षभर ऐकवशील. तरी कोडं त्यानं चुकीचंच सोडवलं होतं, हे लक्षात ठेव.

वहिनींची बदली रद्द झाली का? धाकटीचा निकाल कळव. आईंना नमस्कार.

तुझाच

ता. क. हे सोडव: र-ळी-त-क-ज-ना-र-यं. एक शास्त्रज्ञ, चौकटी तीन अधिक पाच. ‘र’ दोनदा आलाय, त्यामुळे जुळण्या 40,320 च्या निम्म्या, 20,160. चित्र मुद्दामच काढलेलं नाही.