स्पॅनिश कशाला, याचं उत्तर

लोकमान्य नगर, इंदूर

प्रिय मित्रा,

मागच्या महिन्यात फोनवर तू म्हणालास, "स्पॅनिश कशाला घेतलंस? जर्मन घेतलं असतंस तर पुढे उपयोग तरी झाला असता." तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मनात राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आयबी म्हणजे आमचा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा बारावीपर्यंतचा अभ्यासक्रम. त्यात स्पॅनिश बी (परकी भाषा म्हणून शिकायची स्पॅनिश), हायर लेव्हल म्हणजे दोन वर्षांत 240 तास आणि मूळ स्पॅनिशमधल्या दोन साहित्यकृती. पहिल्या वर्षी मी एकाच जागी अडून बसलो होतो. इच्छा, शंका, भीती सांगताना स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं रूप बदलतं, त्याला ते 'सुब्खुन्तीवो' म्हणतात. पुस्तकात इंग्रजीतून लांबलचक यादी दिलेली. ती पाठ करायचो आणि पेपरात तिथेच मार्क जायचे. एका संध्याकाळी आजी फोनवर मावशीला म्हणाली, "तू चार दिवस यावंस असं फार वाटतं गं." मी वहीतून मान वर केली. 'येतेस' नाही, 'यावंस'! 'किएरो के बेंगास' हे वाक्य नेमकं तेच आहे. हिंदीतलं 'मैं चाहता हूँ कि तू आए' हेही तसंच. दोन्ही भाषा घरात-दारात असताना मी इंग्रजीची यादी घोकत होतो.

मग एकेक सापडत गेलं. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे शब्दाला शब्द 'मला कॉफी आवडते'. इंग्रजीतून विचार केला की इथे हमखास चूक होते. 'ओखाला' हा शब्द तर मला सगळ्यात आवडतो. 711 ते 1492 या काळात स्पेनच्या कमीजास्त भागावर मुस्लिम राजवटी होत्या, तेव्हाच्या अरबीतून तो आला, 'अल्लाची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या शब्दांपासून. 'ओखाला युएवा' म्हणजे 'पाऊस पडो!' जूनमध्ये गच्चीवर उभी राहून आजी म्हणते तसं. शिवाय पगार आणि बादली हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. स्पॅनिश त्या भाषेची सख्खी बहीण, तेव्हा तिच्यातही 'पगार' म्हणजे पैसे देणं आणि 'बाल्दे' म्हणजे बादली.

पण खरं सांगायचंय ते नाटकाबद्दल. आम्हाला लोर्का या स्पॅनिश कवी-नाटककाराचं 'बेर्नार्दा आल्बाचं घर' आहे. नवरा वारल्यावर बेर्नार्दा पाच मुलींना आठ वर्षांचं सुतक सांगते आणि दारं-खिडक्या बंद करते. रंगमंचावर एकही पुरुष येत नाही. तिच्या तोंडचा पहिला शब्द 'सिलेन्सिओ', आणि शेवटचाही तोच. गप्प! लोर्काने हे जून 1936 मध्ये लिहून पुरं केलं आणि ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ त्याला गोळ्या घालून मारलं. त्याचा देह आजवर सापडलेला नाही. पहिला प्रयोग झाला तो 1945 मध्ये, स्पेनपासून दूर, ब्युनोस आयरेसला.

तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी मी आजीला सगळी गोष्ट मराठीत सांगत होतो. धाकटी अदेला सुतकातच हिरवा पोशाख चढवते आणि परसात जाऊन कोंबड्यांना हाका मारते, बघा मला म्हणून. आजीचा शेंगा सोलणारा हात थांबला. "हिरवाच?" एवढंच विचारलं तिने. मग बऱ्याच वेळाने तिच्या आत्याबद्दल बोलली. विसाव्या वर्षी विधवा झालेली, जन्मभर आलवण नेसलेली, माजघरातून ओसरीवरही न येणारी. तिच्या ट्रंकेत तळाशी हिरव्या बांगड्या होत्या, जुन्या पातळात गुंडाळलेल्या. "लोकांची सुतकं तेरा दिवसांत फिटायची रे, तिचं फिटलंच नाही." अठरा वर्षं मी या घरात राहतोय आणि ही आत्या मला माहीत नव्हती. ती मला आंदालुसियातल्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या एका घरामुळे भेटली.

आणखी एक. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको 1975 मध्ये मरेपर्यंत कातालान, बास्क, गालिसियन या भाषांना तिथे सरकारदरबारी जागा नव्हती. मुलांची नावंसुद्धा कास्तेलियनमध्येच, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिच्यातच, नोंदवावी लागत. तरी बास्क पालकांनी लपूनछपून शाळा चालवल्या. 1978 च्या राज्यघटनेनंतर त्या भाषा आपापल्या प्रांतात अधिकृत झाल्या. हे वाचताना मला आपली गल्ली दिसत होती. आपल्यावर कुणीही बंदी घातलेली नाही. इथल्या 'सानंद' संस्थेच्या मराठी नाटकांना आई-बाबा आजही जातात. पण आपल्या बरोबरीच्या किती जणांनी मराठीत एक पान लिहिलंय? मी तरी लिहिलं नव्हतं. पुण्याची भावंडं माझ्या 'करून राहिलोय'ला हसायची, म्हणून मी त्यांच्याशी हिंदीतच बोलायचो. ते आता बंद केलंय. आंदालुसियाच्या लोकांच्या उच्चारांनाही माद्रिदमध्ये हसतात, आणि लोर्का तिथलाच होता.

पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. नाटकातला तीनशे शब्दांपर्यंतचा उतारा देतील, वीस मिनिटं तयारीला, मग बोलायचं. हिरव्या पोशाखाचा भाग आला तर मी बांगड्यांचं सांगणार आहे. आजीची परवानगी घेतलीय.

तू रंगपंचमीला गेर, आपली इंदूरची रंगांची मिरवणूक, बघायला यावंस असं फार वाटतं. आणि हे पत्र मी कुणाकडून तपासून घेतलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तिथे लाल खुणा कर आणि येताना ते सोबत आण.

तुझाच मित्र