ओआरएस म्हणून ज्यूस देऊ नका

संपादक महोदय,

पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की मेडिकलमध्ये ओआरएस (शरीरातलं पाणी भरून काढणारं साखर-मिठाचं द्रावण) मागितलं तरी गोड ज्यूसचा टेट्रापॅक हातात ठेवतात, हे थांबायलाच हवं. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषलं जातं आणि मागोमाग पाणी आत जातं, जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते, म्हणून तर १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यावर कॉलऱ्याचे पेशंट वाचवले. साखर फार झाली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात, तान्ह्या बाळाला तर हे फारच धोक्याचं. पाकिटावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलेला नसेल तर सरळ परत करा.

– एक वाचक, सातारा