ब्रेंटलीला व्हिलन करू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला स्त्रीवादी कथांवरचा लेख वाचला. अमेरिकन लेखिका केट शोपॅनच्या 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' या कथेवर मराठी पेपरात कोणीतरी लिहितंय याचा आधी आनंदच झाला, पण लेखकाने त्यातल्या नवऱ्याला, ब्रेंटली मॅलार्डला, डायरेक्ट 'जुलमी नवरा' करून टाकलंय ते काही पटलं नाही. मला तर वाटतं गोष्ट न वाचता कुठल्यातरी गाइडवरून लिहिलंय. जेमतेम हजार शब्दांची आहे हो, चहा निवेपर्यंत वाचून होते.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हार्टचा त्रास असलेल्या मिसेस मॅलार्डला नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी बहीण जपून जपून सांगते, ती खूप रडते, मग एकटीच खोलीत जाऊन खिडकीसमोर खुर्चीत बसते, बाहेर झाडांना नवी पालवी, नुकताच पाऊस पडून गेलेला, खाली फेरीवाला ओरडतोय, आणि तिच्या तोंडून हळूच निघतं, मोकळी झाले मी. तासाभरात नवरा बॅग आणि छत्री घेऊन धडधाकट घरात येतो, तो त्या गाडीत नव्हताच, आणि ही जागीच जाते.

आता हा नवरा कसा होता? मारणारा, बाहेरख्याली असं काही कुठेच नाही. उलट त्याने तिच्याकडे कायम प्रेमानेच बघितलं असं स्पष्ट लिहिलंय, त्याचे मायाळू हात बघून आपल्याला परत रडू येणार हेही तिला माहितीय. तरी ती सुटल्यासारखी होते, कारण हेतू चांगला असो की वाईट, दुसऱ्यावर आपली मर्जी लादणं हा गुन्हाच, असं तिला त्या क्षणी वाटतं. म्हणजे तक्रार नवऱ्याबद्दल नाहीच, लग्नाबद्दल आहे. ब्रेंटलीला व्हिलन केला की सगळे चांगले नवरे निर्धास्त, हे आपल्याबद्दल नाही म्हणून! आपल्याकडे पण बाई संसाराला कंटाळली म्हटलं की पहिला प्रश्न, मारतो का, पितो का? नाही म्हटलं की मग सुख बोचतंय का तुला.

आणि तिचं लुईज हे नाव आपल्याला बहीण दाराबाहेरून हाक मारते तेव्हा कळतं, तोवर ती नुसती मिसेस मॅलार्ड, हे लेखात कुठेच नाही.

'आपल्याकडच्या तेव्हाच्या स्त्रियांनाही हेच वाटत असणार' हे वाक्य तर फारच घाईत लिहिलंय. गोष्ट 1894 ची. तेव्हा पुण्याच्या ब्राह्मण घरात नवरा गेला की केशवपन, अंगावर आलवण आणि घराचा कोपरा, तिने कुठल्या खिडकीत बसून मोकळी झाले म्हणायचं? तिकडे शोपॅनबाई 1882 साली नवरा वारल्यावर सहा मुलं आणि डोक्यावर कर्ज असताना लुइझियानातला त्याचा धंदा स्वतः बघत होत्या. त्याच 1882 साली आपल्याकडे ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक आलं, ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली त्या प्रकरणावरून.

मला स्वतःला शोपॅनची 'अ पेअर ऑफ सिल्क स्टॉकिंग्ज' (1897) जास्त आवडते. मिसेस सॉमर्सला अचानक 15 डॉलर मिळतात, मुलांचे बूट, शर्टाचं कापड असा सगळा हिशोब मनात झालेला असतो, आणि दुकानात हात पडतो रेशमी मोज्यांवर, अडीच डॉलरचे 1.98 ला. मग बूट, हातमोजे, दोन मासिकं, हॉटेलात जेवण, नाटक, सगळं एका दुपारीत. नवरा गोष्टीत येतच नाही! स्वातंत्र्य म्हणजे हातात स्वतःचे पैसे, आणि ते संपले की परत ट्रामने घरी. पुढच्या लेखात ही घ्या, पण प्लीज वाचून घ्या.

शेवटचं एक. मिसेस मॅलार्ड आनंदाने गेली असं डॉक्टर म्हणतात, तो शोपॅनबाईंनी मारलेला टोमणा आहे, लेखकाने मात्र तेच खरं धरून 'पती परतल्याच्या आनंदाने तिचा अंत झाला' असं लिहिलंय. मग जुलमी नवरा परत आला म्हणून ती आनंदाने मेली का? दोन्ही एकाच लेखात कसं बसतं ते लेखकालाच विचारा.

आपली,
एक वाचक, सांगली